प्रतीक्षेचा इतिहास : मराठी किशोर वाचक, अद्भुत कादंबरी आणि आगाऊ प्रत
(विशेष संदर्भ : बदलापूर)

प्रस्तावना

वाचनसंस्कृतीच्या इतिहासात ग्रंथ, ग्रंथकार, मुद्रणालये आणि ग्रंथालये यांचा विचार पुष्कळ झाला आहे. वाचकाचा विचार त्या मानाने उशिरा सुरू झाला. त्यातही किशोरवयीन वाचक इतिहासकारांच्या दृष्टीतून बव्हंशी निसटला आहे, कारण तो लिहून ठेवत नाही, सभासदत्वाच्या नोंदवहीत त्याचे नाव वडिलांच्या नावाखाली लपते आणि पुस्तक वाचून संपले की त्याच्या उत्कंठेचा कोणताही दस्तऐवज मागे उरत नाही. पुस्तक हाती येण्यापूर्वीचा काळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ, हा तर वाचनाच्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित कालखंड म्हणावा लागेल.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजी किशोर साहित्यातील अद्भुत कादंबऱ्यांनी हा प्रतीक्षेचा काळ जगाच्या नजरेसमोर आणला. प्रकाशनापूर्वी पुस्तकाची आगाऊ प्रत हाती पडावी, यासाठी किशोर वाचक आसुसलेले दिसू लागले. अशी प्रत मिळालेला वाचक मित्रमंडळींत भाग्यवान ठरे. मराठी किशोराच्या वाट्याला असा अनुभव कधी आला काय? आला असल्यास कोणत्या रूपाने आला? आणि आला नसल्यास त्याची कारणे कोणती? या प्रश्नांचा ऐतिहासिक शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या पुस्तकबाजारापासून दूर, परंतु रेल्वेने त्याच्याशी जोडलेल्या बदलापूरसारख्या नगरातून पाहिले असता हे प्रश्न अधिक स्पष्ट होतात, म्हणून या नगराचा विशेष संदर्भ घेतला आहे.

आगाऊ प्रत : संकल्पना आणि व्यवहार

इंग्रजी ग्रंथव्यवहारात पुस्तक बाजारात येण्याच्या काही आठवडे किंवा काही महिने आधी त्याच्या साध्या बांधणीच्या, अंतिम मुद्रितशोधन न झालेल्या थोड्या प्रती काढण्याची प्रथा आहे. या प्रती समीक्षक, ग्रंथविक्रेते व ग्रंथपाल यांना पाठविल्या जातात. त्या विक्रीसाठी नाहीत, अशी सूचना त्यांवर छापलेली असते. प्रथेचा हेतू व्यापारी आहे. पुस्तकाविषयी आधी बोलले जावे आणि विक्रेत्याने किती प्रती मागवाव्यात याचा अंदाज त्याला यावा, एवढाच तो हेतू. परंतु किशोर साहित्याच्या बाबतीत या व्यवहाराला निराळे वळण लागले. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले गेले त्यांनीच ते आधी वाचावे, ही अपेक्षा हळूहळू बळावत गेली.

याचे सर्वपरिचित उदाहरण ‘हॅरी पॉटर’ मालिकेच्या आरंभाशीच सापडते. जे. के. रोलिंग यांचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर ते ब्लूम्सबरी या लंडनच्या प्रकाशनसंस्थेकडे आले. संस्थेचे अध्यक्ष नायजेल न्यूटन यांनी त्याचा प्रारंभीचा भाग आपल्या आठ वर्षांच्या कन्येला वाचावयास दिला आणि तो संपताच तिने पुढील भागाचा हट्ट धरला, ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे. २६ जून १९९७ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या पुठ्ठाबांधणीच्या केवळ ५०० प्रती निघाल्या होत्या. जगभर खपलेल्या या मालिकेची पहिली आगाऊ वाचक एक बालिका होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. तिचा अभिप्राय प्रशंसेच्या शब्दांत नव्हता. पुढे काय झाले, हे तिने विचारले, इतकेच.

मालिका जसजशी लोकप्रिय झाली तसतशी आगाऊ प्रत उलट दुर्मिळ होत गेली. ८ जुलै २००० रोजी चौथा भाग प्रसिद्ध होताना त्याचे शीर्षकही बराच काळ गुप्त ठेवण्यात आले होते आणि पुस्तक ठरलेल्या क्षणापूर्वी कोणालाही मिळू नये अशी व्यवस्था करण्यात आली होती. २००५ च्या जुलै महिन्यात सहाव्या भागाच्या काही प्रती कॅनडातील एका दुकानातून मुदतीपूर्वी विकल्या गेल्या. तेव्हा प्रकाशकांनी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात धाव घेतली. खरेदीदारांनी पुस्तकातील मजकूर उघड करू नये आणि प्रती परत कराव्यात, असा आदेश न्यायालयाने दिला. विकत घेतलेले पुस्तक मुदतीपूर्वी वाचण्यासही त्या आदेशाने मज्जाव केला होता. २१ जुलै २००७ रोजी अखेरचा भाग आला. अमेरिकेत पहिल्या २४ तासांत त्याच्या सुमारे ८३ लाख प्रती खपल्याचे तेथील प्रकाशकांनी जाहीर केले. प्रतीक्षा ही आता वाचकाची खासगी भावना राहिली नव्हती. घड्याळ लावून सर्वांकडून एकाच वेळी करवून घेतलेला तो एक सार्वजनिक सोहळा झाला होता.

मराठी ग्रंथव्यवहारातील ‘आगाऊ’

मराठी ग्रंथव्यवहारात ‘आगाऊ’ हा शब्द अपरिचित नाही. मात्र येथे आगाऊ गेले ते वाचकाचे पैसे. वाचकाकडे आगाऊ प्रत आली नाही. एकोणिसाव्या शतकात छपाईचा खर्च भागविण्यासाठी ग्रंथकार आधी वर्गणीदार जमवीत आणि कित्येक ग्रंथांच्या शेवटी आश्रयदात्यांची यादी छापलेली आढळते. विसाव्या शतकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा प्रचंड उद्योग भागधारक आणि वर्गणीदार यांच्या बळावर तडीस नेला. पुढे या पद्धतीने ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे रूप धारण केले. वाचकाने रक्कम आधी भरावयाची, ग्रंथ यथावकाश यावयाचा आणि विलंबाची भरपाई म्हणून किमतीत सूट मिळावयाची, असा हा करार होता. हा करार साहजिकच प्रौढ, मिळवत्या वाचकाशी होता. तो प्रामुख्याने कोश, समग्र वाङ्मय, चरित्रखंड अशा भारदस्त ग्रंथांपुरता राहिला. किशोरांच्या कादंबरीसाठी असा करार करावा असे फारसे कोणाला वाटले नाही.

दुसरी प्रथा अभिप्रायार्थ प्रतीची. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, अशी सूचना मराठी नियतकालिकांतून छापली जाई आणि आलेल्या पुस्तकांची नोंद ‘साभार पोच’ या सदरात होई. ही प्रत पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर पाठविली जात असे. तीवरील अभिप्राय येण्यास महिने लागत आणि तो अभिप्राय प्रौढ परीक्षकाचा असे. बालकुमारांसाठी लिहिलेले पुस्तकही बालकुमारांकडे अभिप्रायार्थ गेल्याचे सहसा आढळत नाही. ‘साभार पोच’ या दोन शब्दांत मराठी ग्रंथव्यवहाराची सभ्यता आहे, तशीच तिची मर्यादाही आहे. पोच संपादक देतो, वाचक देत नाही.

भागशः वाचन : मराठी किशोराची खरी आगाऊ प्रत

वरील विवेचनावरून मराठी किशोर वाचकाला प्रतीक्षेचा अनुभवच नव्हता असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. तो अनुभव मराठीत वेगळ्या मार्गाने आला. पूर्ण पुस्तक आधी मिळण्याऐवजी ते पुस्तक होण्यापूर्वीच तुकड्यातुकड्यांनी वाचावयास मिळणे, हा तो मार्ग होय.

१८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्याचे कार्य हाती घेतले आणि त्या भागाभागांनी वाचकांपर्यंत पोहोचल्या. प्राण वाचविण्यासाठी रोज रात्री गोष्ट अर्धवट ठेवणारी शहाजादी ही या ग्रंथाची निवेदक होय. प्रतीक्षा हेच ज्याचे सूत्र आहे असा ग्रंथ आधुनिक मराठी गद्याच्या उषःकाली मराठीत यावा, हा अर्थपूर्ण योगायोग आहे. त्याच सुमारास, १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. अद्भुतरम्यतेचा हा प्रवाह पुढील वाङ्मयसमीक्षेने वास्तववादाच्या अलीकडची, ओलांडून जाण्याची पायरी मानला. परंतु तरुण वाचकाने तो कधी सोडला नाही. १९१३ मध्ये आलेली नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही कादंबरी पुढील कित्येक पिढ्यांच्या किशोरांनी वाचली, हे त्याचे द्योतक आहे.

भागशः वाचनाची शिस्त मराठी घरांत रुजविण्याचे मोठे श्रेय हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाकडे जाते. १८९० मध्ये सुरू झालेल्या या पत्रातून त्यांच्या कादंबऱ्या आठवड्यामागून आठवडा प्रसिद्ध होत राहिल्या. अंक घरी येणे, तो एकाने मोठ्याने वाचणे, इतरांनी ऐकणे आणि पुढील अंकापर्यंत त्यावर तर्क करणे, हा कौटुंबिक वाचनाचा एक नवा प्रकार अशा साप्ताहिकांनी शक्य केला. खास मुलांसाठी वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि मासिकाच्या अंकाची वाट पाहणारा बालवाचक हा एक ओळखता येण्याजोगा वाचकवर्ग म्हणून आकाराला आला.

या परंपरेचा कळस म्हणजे ‘चांदोबा’ होय. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथून तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केलेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघू लागली. त्यातील धारावाहिक अद्भुत कादंबऱ्या हे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रकरण आहे. मांत्रिक, राक्षस, उडते रथ, गुप्त बेटे आणि राजपुत्र यांनी भरलेल्या या कथा मुख्यतः दासरी सुब्रह्मण्यम् हे तेलुगू लेखक लिहीत आणि ‘चित्रा’ या नावाने काम करणारे चित्रकार त्यांना रूप देत. एखादी कथा महिनोन्‌महिने चाले. दर महिन्याचा भाग नायक संकटात असतानाच थांबे. मासिकात दोन छायाचित्रांना जुळणारी नावे सुचविण्याची वाचकांची स्पर्धाही असे. म्हणजे वाचकाने केवळ वाचावे असे नव्हे, तर पत्र घालून उत्तर द्यावे, अशीही अपेक्षा होती.

‘चांदोबा’च्या या कथा मराठीत अनुवादित होऊन येत. त्या मूळच्या तेलुगू होत्या, हे बहुसंख्य मराठी बालवाचकांच्या गावीही नव्हते. याचे कारण अनुवादाच्या गुणवत्तेइतकेच त्याच्या वेळेतही आहे. निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या एकाच छपाईघरातून, सारख्याच चित्रांसह, जवळपास एकाच सुमारास निघत. विजयवाड्यातील मुलाला राजपुत्राचे पुढे काय झाले हे कळे, त्याच्या आगेमागेच ते महाराष्ट्रातील मुलालाही कळे. अनुवादित साहित्याचा वाचक हा मूळ भाषेच्या वाचकापेक्षा मागासलेला असलाच पाहिजे असा काही नियम नाही, हे या मासिकाने अनेक दशके सिद्ध करून दाखविले. हा मुद्दा पुढे हॅरी पॉटरच्या संदर्भात निर्णायक ठरतो.

शासकीय पातळीवर ‘बालभारती’ने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. अल्प किमतीमुळे ते ग्रामीण भागातही पोहोचले. याच काळात भा. रा. भागवत यांनी एकीकडे ज्यूल व्हर्नच्या विज्ञानाद्भुत कथा मराठीत आणल्या आणि दुसरीकडे फुरसुंगीच्या बनेश फेणे ऊर्फ ‘फास्टर फेणे’ याच्या साहसांची मालिका लिहिली. पुढचे पुस्तक केव्हा येणार, असे मराठी किशोराने विचारावे असा नायक त्याला स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या भूगोलात मिळाला.

नंबर लावणे : वाचनालयातील प्रतीक्षा

प्रतीक्षेचे दुसरे स्थान म्हणजे वाचनालय. मराठी मध्यमवर्गीय घरांत पुस्तक विकत घेण्यापेक्षा वाचनालयातून आणण्याची रीत अधिक रूढ होती. ठाणे जिल्ह्याला या बाबतीत मोठी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. सार्वजनिक वाचनालयांच्या जोडीला गल्लोगल्ली चालणाऱ्या खासगी वाचनालयांनी बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथा आणि नारायण धारप यांच्या भयकथा व अद्भुतकथा घराघरांत पोहोचविल्या. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड तसेच धारपांचा समर्थ ही पात्रे प्रौढांसाठी होती की किशोरांसाठी, हा भेद वाचनालयाच्या खिडकीपाशी कोणी पाळला नाही.

येथे ‘नंबर लावणे’ हा शब्दप्रयोग लक्षणीय आहे. नवीन पुस्तक आले की ते आधी कोणाला मिळणार हे ग्रंथपालाच्या वहीतील क्रमावर ठरे. ज्याला ते पहिल्यांदा मिळे त्याच्याकडे काही दिवसांपुरती जणू आगाऊ प्रतच असे. तो वर्गात कथानक सांगू शके, सांगण्याचे टाळू शके आणि शेवट फोडण्याची धमकीही देऊ शके. ही प्रतिष्ठा विकत घेता येत नव्हती. ती केवळ तत्परतेने आणि ग्रंथपालाच्या मर्जीने मिळत असे.

याशिवाय मराठी वाचकाला वर्षातून एकदा येणारा, सर्वांचा मिळून असा एक प्रकाशनदिन परंपरेने लाभला आहे, तो म्हणजे दिवाळी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. वाचनालयांतून दिवाळी अंकांची वेगळी योजना, तिची वेगळी वर्गणी आणि अंक लवकर मिळविण्याची चढाओढ हा मराठी वाचनव्यवहाराचा स्थायीभाव झाला. मुलांचे दिवाळी अंकही त्यात आले. ठराविक मुहूर्तावर संपूर्ण समाजाने एकाच वेळी वाचावयास बसणे ही कल्पना मराठीला बाहेरून घ्यावी लागलेली नाही.

बदलापूर : पुस्तकाची वाट आणि रेल्वेची वाट

बदलापूर हे उल्हास नदीकाठचे गाव. १८५६ मध्ये लोहमार्ग कल्याणच्या पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला तेव्हापासून हा परिसर मुंबईशी जोडला गेला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. शेजारील उल्हासनगरला १९४९ मध्ये, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या वसाहतीतून, नाव व रूप लाभले. अंबरनाथ कारखान्यांमुळे वाढले. बदलापूरची वाढ मात्र प्रामुख्याने निवासी स्वरूपाची आहे. मुंबईतील जागेच्या किमती परवडेनाशा झाल्यावर गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील मराठी कुटुंबे कल्याणच्या पलीकडे सरकली. जनगणनेनुसार कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती. ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. हॅरी पॉटरच्या अखेरच्या तीन भागांचे दशक ते हेच.

या स्थलांतराचा वाचनाशी जवळचा संबंध आहे. कुटुंब सरकले, परंतु पुस्तकांची बाजारपेठ सरकली नाही. मराठी पुस्तकांची प्रमुख दुकाने दादर व गिरगावात, इंग्रजी पुस्तकांची फोर्ट परिसरात राहिली. परिणामी बदलापूरच्या किशोरापर्यंत नवीन पुस्तक पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे नोकरीनिमित्त रोज मुंबईला जाणारे आई-वडील, हाच होता. पुस्तक सायंकाळच्या लोकलने येई. फलाटावरील पुस्तकांच्या स्टॉलवर ‘चांदोबा’, ‘किशोर’, ‘चंपक’ यांसारखी मासिके मिळत, कारण मासिक हे मुळातच प्रवासाला निघालेले वाङ्मय आहे. कादंबरीसाठी मात्र मुंबईकडे पाहावे लागे. शिवाय या मार्गावर पावसाळ्याची अनिश्चितता आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसराला मोठा तडाखा दिला, तर २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. जेथे माणसांचे पोहोचणे असे अनिश्चित, तेथे पुस्तकाचे पोहोचणे हा दुय्यम प्रश्न ठरतो, हे समजण्यासारखे आहे.

दोन प्रतीक्षा

लंडनमध्ये मध्यरात्र होते तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. २००५ व २००७ च्या जुलै महिन्यांत भारतातील मोठ्या शहरांतील पुस्तकांची दुकाने भल्या पहाटे उघडली. पालकांसह रांगेत उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली. भारतीय किशोर हा प्रथमच जगातील इतर किशोरांच्या बरोबरीने, त्याच घटकेला, त्याच पुस्तकाचा पहिला वाचक झाला. या घटनेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या बरोबरीला एक अट होती. वाचक इंग्रजी वाचणारा असला पाहिजे, ही ती अट.

मराठी माध्यमात शिकणाऱ्या किशोराची प्रतीक्षा निराळी होती. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने या मालिकेचे भारतीय भाषांतील अनुवाद हाती घेतले. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा पहिल्या भागाचा मराठी अनुवाद बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केला, तर पुढील भागांच्या अनुवादात मंजुषा आमडेकर यांचे नाव प्रामुख्याने येते. हे काम कष्टाचे आणि मोलाचे आहे, यात शंका नाही. मात्र पहिला भाग मराठीत आला तेव्हा इंग्रजीत निदान चार भाग प्रसिद्ध झालेले होते. वृत्तपत्रे, चित्रपट आणि इंग्रजी शाळेतील मित्र यांच्याकडून कथानक आधीच ठाऊक झालेले असताना मराठी वाचक पुस्तक उघडत असे. एका बाजूला शेवट कळू नये म्हणून न्यायालयाचा आदेश आणि दुसऱ्या बाजूला शेवट आधीच कळलेला वाचक, असे हे चित्र होते.

यातून एक सूक्ष्म परंतु दूरगामी परिणाम झाला. एकाच इमारतीत राहणारी, एकाच मैदानावर खेळणारी दोन मुले त्यांच्या शाळेच्या माध्यमामुळे दोन निरनिराळ्या काळांत राहू लागली. इंग्रजी माध्यमाचा मुलगा गोष्ट आधी जाणणारा आणि मराठी माध्यमाचा मुलगा ती नंतर ऐकणारा झाला. ‘चांदोबा’च्या वाचकांत अशी उतरंड नव्हती. वाचनालयातील नंबर आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा असे. ही नवी उतरंड मात्र कायमची होती. पालकांनी इंग्रजी माध्यमाची निवड नोकरीच्या संधीसाठी केली, हे खरेच आहे. परंतु मुलाला स्वतःला मराठीत पहिला वाचक होण्याची संधी कोठेच दिसत नसेल, तर त्याच्या दृष्टीने मराठी ही मागाहून येणाऱ्या गोष्टींची भाषा ठरते. भाषेच्या ऱ्हासाची चर्चा करताना शासकीय धोरण, शिक्षणाचे माध्यम व रोजगार यांचा विचार होतो. किशोराच्या मनातील हे काळाचे अंतर क्वचितच विचारात घेतले जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. मूळ प्रकाशकांचे गोपनीयतेचे धोरण असताना अनुवादकाला हस्तलिखित आगाऊ मिळणे अशक्य होते आणि त्यामुळे विलंब अटळ होता. हा आक्षेप हॅरी पॉटरपुरता ग्राह्य आहे. इतर अनेक देशांतील अनुवादकांनाही मूळ प्रकाशनाच्या दिवसापासूनच कामाला आरंभ करावा लागला. परंतु तेथे अनुवाद बहुधा काही महिन्यांत पूर्ण झाले, कारण वाट पाहणारा वाचक तेथे प्रकाशकाला दिसत होता. शिवाय हा आक्षेप मराठीत स्वतंत्रपणे लिहिल्या जाणाऱ्या किशोर कादंबरीला लागू होत नाही. तेथे आगाऊ प्रत देण्यास कोणताही अडथळा नव्हता, तरी ती दिली गेली नाही.

प्रतीक्षेचा दस्तऐवज

प्रतीक्षेचा इतिहास लिहिताना साधनांची मोठी अडचण जाणवते. बदलापूर येथे शिक्षक श्याम जोशी यांनी उभारलेले ‘ग्रंथसखा’ हे ग्रंथालय दुर्मिळ मराठी ग्रंथ व जुन्या नियतकालिकांच्या संग्रहासाठी महाराष्ट्रभर परिचित आहे. ‘बालभारती’नेही ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर खुले केले आहेत. अशा प्रयत्नांमुळे मासिकांचा मजकूर वाचला. परंतु बांधीव खंडात किंवा संगणकाच्या पडद्यावर वाचताना पुढील महिन्याचा अंक पान उलटताच समोर येतो. तीस दिवसांचे अंतर दोन पानांमध्ये नाहीसे होते. त्या अंतराची एकमेव खूण म्हणजे भागाच्या शेवटी छापलेला ‘क्रमशः’ किंवा ‘अपूर्ण’ हा शब्द. इतिहासकाराने हा शब्द मजकुराचा शेवट म्हणून न वाचता एका कालखंडाचा आरंभ म्हणून वाचला पाहिजे. त्या शब्दानंतर वर्गात, अंगणात आणि लोकलच्या डब्यात जे बोलले गेले, तेच खरे वाचन होते आणि ते कोणत्याही संग्रहात जमा झालेले नाही.

सुदैवाने ‘चांदोबा’ व वाचनालयातील नंबर यांच्या काळात वाढलेली पिढी अद्याप हयात आहे. ‘चांदोबा’चे प्रकाशन २०१३ च्या सुमारास थांबले आणि त्यातील विक्रम-वेताळाच्या चित्रांनी ओळखले जाणारे चित्रकार शंकर २०२० मध्ये निवर्तले. निर्मात्यांची पिढी संपत आली असताना वाचकांच्या पिढीच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविणे हे महाविद्यालयीन मराठी व इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे. कल्याण ते कर्जत या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरीच हे साक्षीदार आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) प्रकाशनापूर्वीची उत्कंठा ही एकविसाव्या शतकातील इंग्रजी बाजारपेठेची निर्मिती नाही. मराठीत ती धारावाहिक लेखन, वाचनालयातील नंबर आणि दिवाळी अंक या तीन रूपांनी शतकाहून अधिक काळ नांदत होती.

२) मराठी ग्रंथव्यवहाराने प्रकाशनपूर्व सवलत व अभिप्रायार्थ प्रत या प्रथा विकसित केल्या. परंतु त्या प्रौढ वाचकाला उद्देशून होत्या. किशोर वाचकाला पहिला वाचक मानण्याची प्रथा त्यातून निर्माण झाली नाही.

३) अनुवाद म्हणजे विलंब हे समीकरण ‘चांदोबा’ने खोटे ठरविले होते. हॅरी पॉटरच्या काळात ते पुन्हा खरे झाले आणि किशोरांच्या दृष्टीने मराठी ही मागाहून वाचण्याची भाषा झाली.

४) बदलापूरसारख्या नगरात बाजारपेठेचे अंतर आणि भाषेचे अंतर एकमेकांत मिसळले. रेल्वेचे अंतर कमी होण्याजोगे होते. भाषेचे अंतर मात्र वाढत गेले.

मराठी प्रकाशकाने आपल्या नव्या किशोर कादंबरीच्या दहा-वीस कच्च्या प्रती प्रकाशनापूर्वी एखाद्या शाळेच्या वाचनालयात ठेवल्या, तर त्याचा खर्च नगण्य असेल. समीक्षकाचा अभिप्राय पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापला जातो आणि विसरला जातो. तेरा वर्षांच्या मुलीने पुस्तक मिटून “पुढचा भाग कधी?” असे मराठीतून विचारले, तर त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणाला तरी मराठीत लिहावेच लागेल.